मशीन नंतर घ्या, आधी खोली बघा

ते रील तुम्हीही पाहिलं असेल. अंड्याला बारीकशी भेग, मग चोचीचं टोक, मग ओलं, केविलवाणं पिल्लू. खाली कमेंट्समध्ये सगळ्यांचा एकच प्रश्न : मशीन कुठून घेतलं? मीही तेच विचारलं होतं. सेकंड इयरच्या सुट्टीत, ट्यूशनचे साठवलेले पैसे घालून, टेबलावर मावणारं २४ अंड्यांचं इन्क्युबेटर मागवलं.

महिना एप्रिलचा. घर सांगोल्याजवळच्या गावात, डोक्यावर पत्रा. दहाव्या दिवशी दुपारी डिस्प्लेवर ४०.६ दिसलं. हवं असतं ३७.५. मी घाबरले, आकडा हलेना. हीटर तर आधीच बंद झाला होता! तेव्हा कुठे ट्यूब पेटली : ही छोटी मशीन फक्त गरम करतात. खोलीच ४१ वर गेली, तर थंड करायला त्यांच्याकडे काहीच नसतं. पुढचे चार दिवस दुपारी हेच. एकविसावा दिवस गेला, तेविसावा गेला. मी अंडी फोडून बघितली. चार अंड्यांत काही धरलंच नव्हतं. उरलेल्या वीसमध्ये अर्धवट पिल्लं होती, काहींना डोळे आणि बारीक पिसंही आलेली. ते चित्र कुठल्याच रीलमध्ये नसतं.

आजीने त्याच आठवड्यात मागच्या मातीच्या खोलीत खुडूक कोंबडी रवणाला बसवली होती. अकरा अंडी, नऊ पिल्लं. ती एवढंच म्हणाली, ‘‘आगं, त्या डब्याला काय कळतंय भाईर ऊन किती हाय ते?’’

म्हणून माझं मत सांगते, पटलं तर घ्या. मशीन निवडताना आपण अंड्यांचा आकडा बघतो, तो सगळ्यात शेवटी बघायचा. आधी खोली आणि महिना ठरवा. सोलापूर, मराठवाडा, विदर्भात उन्हाळ्यात पत्र्याच्या घरात हा प्रयोग नकोच. थंडीत करा, मशीनला नुसतं गरमच करायचंय, ते काम त्याला जमतं. कोकणात पावसाळ्यात वेगळीच गंमत. पहिल्या १८ दिवसांत आर्द्रता ४५ ते ५० टक्के आणि शेवटचे तीन दिवस ६५ ते ७० हवी. आमच्याकडे पन्हळीतलं पाणी दिवसात आटतं, तिकडे जुलैत पाणी न घालताही आकडा वरच. अंड्यातलं पाणी उडून वजन १२-१३ टक्के कमी व्हायला लागतं, नाहीतर आत हवेला जागा होत नाही आणि तयार झालेलं पिल्लू आतच गुदमरतं. किचनमधल्या वजनकाट्यावर आठवड्याला अंडी तोलून बघा. यासाठी कुठलंही महागडं फीचर लागत नाही.

पैसे कुठे घालायचे? पंख्यात. पंखा नसलेल्या डब्यात एका कोपऱ्यात एक तापमान, दुसऱ्यात दुसरं. आणि अंडी आपोआप फिरवणाऱ्या ट्रेमध्ये. हाताने फिरवायची म्हणजे दिवसातून किमान तीन वेळा, अठराव्या दिवसापर्यंत. लेक्चर्स, प्रॅक्टिकल, शेवटची एसटी सांभाळून हे होत नाही, मी सांगते ना. बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालणारं मॉडेल मिळालं तर तेच घ्या. लाइट तासभर गेली तर फारसं बिघडत नाही. झाकण उघडू नका, वरून गोधडी टाका, हवेची भोकं मात्र मोकळी ठेवा. रंगीत दिवे, पारदर्शक घुमट वगैरे सोडून द्या.

डिस्प्लेवर डोळे झाकून विश्वास नको. ताप मोजायचा डिजिटल थर्मामीटर आत ठेवून पडताळा. आर्द्रतेचा छोटा मीटर असेल, तर बाटलीच्या झाकणात ओलसर मीठ घेऊन दोन्ही हवाबंद पिशवीत काही तास ठेवा. त्याने ७५ टक्क्यांच्या आसपास दाखवायला हवं. अंडीही दुकानातली चालत नाहीत. लेअर फार्मवर कोंबडा नसतो, त्या अंड्यांतून काही निघणार नाही. कोंबडा असलेल्या घरची, आठवड्याच्या आतली अंडी आणा.

आणि हो, ऑर्डर करायच्या आधी घरात एक विषय काढाच : कोंबड्यांचं काय करायचं? पिल्लं साधारण निम्मी नर, निम्मी मादी निघतात. तलंगा सगळ्यांना हव्या असतात. ‘घरी अंडी मिळतील’ म्हणून मशीन घेतो आपण, आणि पाच महिन्यांनी अंगणात निम्मे तर नुसते खाणारे. कापणार आहात का? कोण कापणार? फ्लॅटमध्ये राहत असाल तर पाळणार कुठे? याचं उत्तर ‘बघू नंतर’ असेल, तर सध्या रीलच बघा. मी हे चिडून म्हणत नाहीये.

कारण मी स्वतः ‘बघू नंतर’वालीच. डिसेंबरमध्ये त्याच मशीनमध्ये बाराच अंडी ठेवली, आठ पिल्लं निघाली. रात्री अडीचला पहिलं फुटलं तेव्हा आजीला उठवलं, ती शाल घेऊन डब्यासमोर बसून राहिली. आठांतले पाच कोंबडे. दोन पाहुण्यांना गेले, दोन जत्रेला. पाचव्याला आजी हात लावू देत नाही. तो पहाटे चारला बांग देतो, आणि शेजारचे काका माझ्याशी बोलत नाहीत.