हेड उघडलेच आहे तर...

मोटारीच्या इंजिनाविषयी वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने लिहावे, हे काहींना आगाऊपणाचे वाटेल. पण ज्या चुकीवरून हे लिहितो आहे ती मिस्त्रींची नव्हती, हिशेब ठेवणाऱ्याची होती. आणि हिशेब मी ठेवत होतो.

माझ्या मामांचा गोव्यातील दुकानांना बेळगावी कुंदा पोहोचवण्याचा लहानसा धंदा आहे. माल जातो त्यांच्या जुन्या मारुती ८०० मधून. मार्च महिन्यात साखळीहून परतताना चोर्ला घाटाच्या चढणीवर गाडी तापली. मागून पांढरा धूर, आणि ऑइलची पट्टी काढून पाहिली तर दुधाळ चहासारखा रंग. हेड गॅसकेट उडाली होती. इंजिनाचा ब्लॉक आणि वरचे हेड यांच्यामध्ये बसणारी ही पातळ चकती जळता वायू, पाणी आणि ऑइल या तिघांना एकमेकांपासून दूर ठेवते. ती फुटली की तिघांची सरमिसळ होते.

मिस्त्रींनी आठ ओळींचा अंदाज लिहून दिला. त्यातल्या पाच ओळी मी लाल पेनने खोडल्या. "हेड बिच्चिद म्याल एल्ला नोडबेक्री," ते कन्नडमध्ये म्हणाले. म्हणजे हेड खोलल्यावर सगळेच बघायला हवे. मला ते नेहमीचे गॅरेजवाल्याचे बोलणे वाटले. नवी गॅसकेट बसली, बिल कमी आले, मामांनी माझे कौतुक केले. ऑगस्टमध्ये, ऐन चवथीच्या आदल्या आठवड्यात, तीच गॅसकेट पुन्हा उडाली. गोव्यातल्या दुकानदारांनी त्या वर्षी दुसऱ्याकडून माल घेतला.

चूक कुठे झाली, ते हिशेबाच्या भाषेत सांगतो. गॅसकेटच्या किमतीपेक्षा मजुरी कितीतरी जास्त. पाणी काढायचे, टायमिंग बेल्ट सोडायचा, मॅनिफोल्ड उतरवायचे, मग हेड. हा खर्च एका गॅसकेटचा नाही. त्या उघडण्यात जी जी कामे उरकतात त्या सर्वांचा तो सामाईक खर्च आहे. आम्ही वर्गात संयुक्त खर्चाची उदाहरणे सोडवतो तेव्हा कच्च्या तेलापासून पेट्रोल आणि रॉकेल निघते, एवढ्यावर थांबतो. उद्यमबागेतल्या एखाद्या वर्कशॉपात तासभर उभे राहिलो तर अधिक समजेल.

दुसऱ्यांदा हेड उतरले तेव्हा मी शेजारीच होतो. मिस्त्रींनी हेडच्या पृष्ठभागावर पोलादी सरळपट्टी आडवी, उभी आणि तिरपी ठेवली व खालून फीलर गेजची पात सरकवली. साधारणपणे ०.०५ मिलिमीटरच्या आतबाहेर मर्यादा असते. अचूक आकडा त्या त्या इंजिनाच्या पुस्तकात पाहावा. आमची पात मध्यभागी सहज आत गेली. ॲल्युमिनियम तापल्यावर बिडापेक्षा जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते, म्हणून घाटात तापलेले हेड वाकले होते. मार्चमध्ये त्या वाकड्या हेडखाली मी नवी गॅसकेट बसवायला लावली होती. या खेपेस हेड दाबाच्या चाचणीला गेले, तडा नाही म्हणून खात्री झाली, मग फेसिंग. तेही लागेल तेवढेच. जास्त धातू काढला तर कॉम्प्रेशन वाढते आणि व्हॉल्व्ह पिस्टनच्या जवळ येतात. ब्लॉकचे तोंडही त्याच पट्टीने तपासायचे असते, हे बरेच जण विसरतात.

व्हॉल्व्हची परीक्षा तर फुकटात होते. हेड उलटे ठेवून ज्वलनकक्षात रॉकेल ओतायचे आणि ते झिरपते का पाहायचे. आमचे दोन व्हॉल्व्ह झिरपत होते. ते पेस्ट लावून घासले. व्हॉल्व्हचे रबरी सील म्हणजे चिमूटभर वस्तू, पण एरवी तेवढ्यासाठी कोण इंजिन खोलणार? टायमिंग बेल्ट काढलेलाच होता, तो जुना परत चढवणे म्हणजे दात कोरून पोट भरणे. वॉटर पंप, थर्मोस्टॅट, कडक झालेले होस यांचेही तसेच. हेडचे बोल्ट काही इंजिनांत एकदाच वापरायचे असतात. कुठले ते विचारून घ्यावे. आणि पाणी मिसळलेले ऑइल ठेवून कोणी बेअरिंगचे वाटोळे करू नये.

मुख्य गोष्ट मात्र हेडच्या बाहेर निघाली. रेडिएटर अर्धा बुजला होता. गॅसकेट हे बहुधा दुखण्याचे लक्षण असते. गाडी तापली का, याचे उत्तर न शोधता ती बदलणे व्यर्थ. माझ्या लाल पेनाने रेडिएटरची ओळही खोडली होती.

याचा अर्थ मिस्त्री सांगेल ते सर्व करावे, असे मी मुळीच म्हणत नाही. "उघडलेच आहे तर" या तीन शब्दांवर कित्येक बिले फुगतात. पिस्टन रिंगांचेच घ्या. हेड निघाले तरी रिंगांसाठी खालून ऑइल पॅन आणि कनेक्टिंग रॉडही सोडावे लागतात. काम वेगळे आणि मोठे. त्यांची गरज आहे का, हे हेड उतरवण्यापूर्वी कॉम्प्रेशन मोजून कळते. आकडा कमी आला तर सिलिंडरमध्ये थोडे ऑइल सोडून पुन्हा मोजावे. वाढला तर रिंगा झिजल्या, नाही वाढला तर व्हॉल्व्ह किंवा गॅसकेटकडे पाहावे. हेड खाली आल्यावर ही चाचणी घेता येत नाही. आणि रिंगा, बेअरिंग सगळेच गेले असेल, तर एकूण बिलाची तुलना त्या जुन्या गाडीला बाजारात मिळणाऱ्या किमतीशी करावी. तेथे भावना आड येते, हे मामांकडे पाहून सांगतो.

दुसऱ्या अंदाजात नऊ ओळी होत्या. शेवटची क्लचप्लेटची. मी विचारले, "अण्णा, हेड काढल्याने क्लचचे काम सोपे होते का?" ते हसले. "गिअरबॉक्स वेगळाच उतरवावा लागतो," म्हणाले, आणि माझ्याच हातातले लाल पेन घेऊन त्यांनी ती ओळ खोडली.