फ्रिज उघडताना चप्पल घाल

आमच्या घरात काही नियम आहेत. तिन्हीसांजेला झोपायचं नाही, उंबऱ्यावर बसायचं नाही आणि फ्रिज उघडताना चप्पल घालायची. पहिल्या दोन नियमांना आजीचा आधार आहे. तिसऱ्याला २३० व्होल्टचा!

मित्रमैत्रिणींनो, हसू नका. वाईजवळच्या आमच्या गावात हा नियम कित्येक घरांत आहे. कुणाकडे मिक्सरला 'झिणझिण' येते, कुणाकडे वॉशिंग मशिनला. कुणी फ्रिजपुढे पाट टाकतं, कुणी रबरी पायपुसणं. आणि सगळ्यांचं निदान एकच : "फिटिंग वरून आहे ना, जुनं झालंय. आतून करून घ्यायला पाहिजे."

मला भांडायचंय ते या निदानाशी.

आमचं घर दगड-मातीचं आहे. भिंती दीड-दोन फूट जाड. आजोबांच्या काळात लाकडी बॅटन पट्टीवर क्लिपा मारून वायर फिरवलेली होती, बोर्डही लाकडी, बटणं काळी. मी पाचवीत असताना ते सगळं काढून पांढरी पीव्हीसी केसिंग पट्टी आणि वर बसवायचे प्लास्टिकचे बॉक्स आले. पुण्याची आत्येबहीण आली की म्हणायची, "तुमच्याकडे वायरी दिसतात गं भिंतीवर." मला लाज वाटायची. आपलंही घर 'कन्सील्ड' असावं, असं फार वाटायचं.

पुढे इलेक्ट्रिकलला अॅडमिशन मिळाली आणि घरात माझा भाव वाढला. थर्ड इयरच्या दिवाळीत घरी गेले तेव्हा अनवाणीच फ्रिजला हात लावला आणि जोराचा झटका बसला. नेहमीची झिणझिण नव्हे, चांगला कोपरापर्यंत. दादा (म्हणजे माझे वडील) शांतपणे म्हणाले, "अगं, विजेचंच शिकतीयस न्हवं तू? मग बघ की जरा."

झालं! आता माघार घेता येईना. मेन स्विच पाडला. टेस्टर आधी चालू सॉकेटमध्ये लावून तो पेटतो ना हे बघून ठेवलं होतं, मग बंद केल्यावर पुन्हा लावला. (ज्यांच्या घरी इन्व्हर्टर आहे त्यांनी तोही बंद करावा. मेन पाडला तरी इन्व्हर्टरची लाइन जिवंत राहते.) बोर्डाचे दोन स्क्रू काढले, प्लेट पुढे ओढली. एका मिनिटात सगळं समोर. उजवीकडे लाल वायर, डावीकडे काळी आणि वरचं मोठं टर्मिनल... रिकामं. कोरं करकरीत. त्यात कधी वायर गेलीच नव्हती. बाकीचे बोर्ड उघडले, तिथेही तेच. घरभर तीन पिनांचे सॉकेट आणि पट्टीत वायरी दोनच!

म्हणजे फ्रिजचा दोष फ्रिजमध्ये होता, इन्सुलेशन कुठेतरी दमलं होतं. पण तो करंट जमिनीत जायला वाटच नव्हती, म्हणून तो आमच्या हातातून जात होता. चप्पल घालून आम्ही वर्षानुवर्षं एवढंच करत होतो, की आपण वाट व्हायचं नाही.

आता यापुढचं सांगायला जरा लाज वाटते, पण लेखाचं कारणच ते आहे. मला एक आयडिया सुचली. न्यूट्रल हा शेवटी ट्रान्सफॉर्मरपाशी अर्थ केलेलाच असतो, हे आपण जर्नलमध्ये किती वेळा लिहिलंय. मग वेगळी अर्थिंगची वायर हवीच कशाला? सॉकेटच्या आतच काळ्या वायरवरून बोटभर तुकडा वरच्या टर्मिनलला जोडायचा. वायवात असं उत्तर दिलं असतं तर एक्स्टर्नल खूश झाले असते! तुकडा सोलून हातात घेतलासुद्धा होता.

तेवढ्यात आईनं बोलावलेले आमचे वायरमन आबा आले. लायसनवाले, साठीच्या पुढचे. माझ्या हातातला तुकडा बघून त्यांनी फक्त विचारलं, "आन् खांबावरचा न्यूट्रल तुटला तर?"

मी गप्प. डोक्यात सर्किट काढलं आणि घाम फुटला. वादळात न्यूट्रल तुटला, की घरातला एखादा चालू बल्ब पुरतो. फेज त्या बल्बमधून न्यूट्रलच्या वायरवर येणार, माझ्या तुकड्यातून फ्रिजच्या पत्र्यावर जाणार. पत्र्यावर जवळजवळ पूर्ण व्होल्टेज. आणि कुठलाही एमसीबी पडणार नाही, कारण त्याच्या दृष्टीनं काही बिघडलेलंच नाही. घरात बल्ब लागत नाहीत म्हणून आई अंधारात फ्रिजला हात लावणार. किंवा कुणी मीटरपाशी फेज-न्यूट्रल अदलाबदल करणार, मग तर थेटच. हा 'तुकडा' गावोगाव मारलेला असतो, असं आबा म्हणाले. निम्मे फिटर मारतात, कारण त्यानं झिणझिण थांबते आणि गिऱ्हाईक खूश होतं.

मग आबांनी जे केलं, त्यात मला वरून असलेल्या फिटिंगची किंमत कळली. न्हाणीघराच्या मागे, जिथे जमीन बारा महिने ओलसर असते, तिथे खड्डा घेऊन जी.आय. पाइप, कोळसा, मीठ. तिथून हिरवी वायर आत. केसिंगचं झाकण पट्टीवरून ओढून काढायचं, हिरवी वायर आत बसवायची, झाकण परत दाबायचं. छिन्नी नाही, हातोडी नाही. आमच्या मातीच्या भिंतीत झिरी मारली असती तर हातभर गिलावा खाली आला असता. एका दिवसात प्रत्येक सॉकेटला अर्थिंग मिळालं. मेनपाशी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबीही लावला.

तो का? समजा खड्ड्याचा रेझिस्टन्स १० ओहम आहे. फेज पत्र्याला पूर्ण चिकटला तरी करंट जाणार २३ अँपिअर. १६ अँपिअरचा एमसीबी एवढ्यावर लगेच पडेल याची खात्री नाही, चांगली काही मिनिटं घेईल. आरसीसीबी मात्र गेलेला आणि परत आलेला करंट यांतला फरक बघतो, तो ताबडतोब पडतो. (आरसीसीबी आहे म्हणून एका हातात फेज आणि दुसऱ्या हातात न्यूट्रल धरू नका. त्याला तुम्ही म्हणजे एखादा बल्बच वाटाल.) सगळा खर्च स्वस्तातल्या मोबाइलपेक्षा कमी.

आता कन्सील्डची गोष्ट. कॉलेजजवळच्या आमच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये चौघी राहतो. नवी बिल्डिंग, गुळगुळीत भिंती, मॉड्युलर स्विच. आणि लॅपटॉप चार्जिंगला लावून पत्र्याच्या बॉडीवर मनगट टेकलं की मुंग्या! चार्जरमधल्या फिल्टरच्या कपॅसिटरमधून थोडासा करंट येतोच. अर्थिंग असेल तर तो गुपचूप जमिनीत जातो. तेवढ्या मुंग्यांनी कुणी मरत नाही, पण ती चिठ्ठी असते. मालकांना सांगितलं तर म्हणाले, "शक्यच नाही, सगळं आतून केलंय." शेवटी इलेक्ट्रिशियन आला, त्यानं प्लेट काढली. हिरवी वायर होती, पण बॉक्सच्या तळाशी गुंडाळी करून ठेवलेली, टोकही सोललेलं नाही. किती वर्षं तशीच होती कोण जाणे.

शिवाय त्या फ्लॅटमध्ये चार सॉकेट 'हरवलेले' आहेत. एक कपाटामागे, एक कॉटमागे... म्हणून मग एक्स्टेंशन बोर्ड, त्यात दुसरा एक्स्टेंशन बोर्ड आणि त्याच्या टोकाला इंडक्शन. २००० वॅट म्हणजे ८.७ अँपिअर, आणि सॉकेट ६ अँपिअरचा! त्यात पिन सैल असेल आणि तिथे अर्धा ओहम जरी रेझिस्टन्स धरला, तर आय स्क्वेअर आर किती होतो? सुमारे ३८ वॅट. लॅबमधलं २५ वॅटचं सोल्डरिंग आयर्न आठवा. त्याहून जास्त उष्णता प्लास्टिकच्या पोटात, गादीच्या शेजारी. आमचा बोर्ड तपकिरी झाला तेव्हा कुठे आम्ही इंडक्शन ओट्यावरच्या १६ अँपिअरच्या सॉकेटला नेलं. दोन पिनांचा प्लग जावा म्हणून वरच्या भोकात पेन्सिल खुपसून शटर उघडणं, सोललेल्या वायरी काड्यापेटीच्या काड्यांनी ठोसणं, हे हॉस्टेलचे पराक्रम तर सोडूनच द्या. अर्थची पिन लांब असते ती आधी जोडली जावी म्हणून. तिच्या जागी आपण पेन्सिल घालतो.

माझं म्हणणं एवढंच आहे, की भिंतीवर दिसणारा बॉक्स हा गरिबीचा पुरावा नाही. वायर कुठून गेलीय ते दिसतं, म्हणून खिळा कुठे मारायचा नाही तेही कळतं. हवा तिथे, सिंकपासून लांब, ओल येणाऱ्या भिंतीला सोडून नवा पॉइंट घेता येतो. फक्त तो लायसनवाल्याकडून. स्विच बदलणं, बल्ब बदलणं आपण करू शकतो, पण नवी लाइन ओढणं १९५६ च्या नियमांपासून लायसनधारकाचंच काम आहे, आणि माझा तो तुकडा आठवला की नियम का आहे ते पटतं.

आपल्याबद्दलही एक तक्रार आहे. फर्स्ट इयरला वर्कशॉपमध्ये आपण सगळ्यांनी 'स्टेअरकेस वायरिंग'चा जॉब केला. पाटावर दोन स्विच, एक बल्ब, सरांची सही, संपलं. त्या पाटावर हिरवी वायर होती का? माझ्या तरी नव्हती. पॉवर सिस्टिममध्ये आपण फॉल्ट करंटची पानंच्या पानं गणितं सोडवतो आणि स्वतःच्या रूमच्या सॉकेटमध्ये तिसरी वायर आहे का, हे आपल्यातल्या किती जणांना माहीत आहे? मला तरी थर्ड इयरपर्यंत माहीत नव्हतं.

घरी फ्रिजही दुरुस्त झाला. आई अजून चप्पल घालूनच उघडते, सवय. परवा फोनवर विचारलं, "आरसीसीबीचं टेस्टचं बटण दाबलंस का या महिन्यात?"

"दाबलं की," आई म्हणाली. "साऱ्या घराची लाइट गेली. माझी सिरीयल बुडाली तुझ्यापायी."

म्हणजे चालतोय.