सांडणारी दारू, लपणारी दारू

१८७३ साली अमेरिकी लष्कराने स्वीकारलेल्या काडतुसाच्या नावातच त्याची कृती दडलेली होती : ४५-७०. गोळीचा व्यास सुमारे ०.४५ इंच आणि काळी दारू ७० ग्रेन, म्हणजे जवळपास साडेचार ग्रॅम. एवढ्या दारूने पुंगळी जवळजवळ भरून जाई. रिकामी पुंगळी पुन्हा भरता येई. बायसनचे शिकारी तळावर बसून हेच करीत आणि लष्करी ठाण्यांनाही भरणीची अवजारे पुरवली जात. सारा व्यवहार मापट्याचा. चुकून दुसरे माप ओतले गेलेच, तर दारू बाहेर सांडे. चूक डोळ्यांना दिसे.

१८८४ साली फ्रान्समध्ये पॉल व्हिएय याने रायफलीसाठी धूरविरहित दारू सिद्ध केली. रणांगणावरचा धूर कसा विरला, हे शस्त्रेतिहास रंगवून सांगतो. भरणी करणाऱ्याच्या मेजावर काय बदलले, याकडे मात्र तो क्वचितच वळतो. वजनास वजन नवी दारू सुमारे तिप्पट बलवान; म्हणून जुन्या प्रशस्त पुंगळीत तिचे योग्य माप तळाशीच राही आणि दुहेरी मापही निमूटपणे मावे. शिवाय दाब वाढला की तिचे ज्वलन अधिकच वेग घेते. मूठभर जास्त दारूने मूठभरच जास्त दाब, हा हिशेब येथे चालत नाही.

ज्यांच्या हातात रायफली फुटल्या, त्यांना सरसकट निष्काळजी म्हणणे मला अन्यायाचे वाटते. त्यांचा हात प्रामाणिकपणे शिकलेले कसबच गिरवीत होता. त्यातच काही कारखान्यांनी जुन्या मापट्याने भरता येईल अशी विरळ धूरविरहित दारू विकली, तर बॅलिस्टाइटसारख्या घन दारूला ते मापटे घातक होते. एकाच दुकानात दोन कायदे! (अमेरिकी छर्‍याच्या काडतुसांच्या खोक्यांवर काळ्या दारूचे समतुल्य ड्रॅम आजही छापलेले आढळतात.)

भरणीचे आजचे नियम याच काळाकडे बोट दाखवतात. माप सोनाराप्रमाणे काट्यावर ताडायचे, कारण एक ग्रेन म्हणजे जेमतेम अर्धी गुंज. मेजावर एका वेळी एकाच दारूचा डबा. प्रसिद्ध कोष्टकातील किमान आकड्यापासून आरंभ. गोळी बसवण्यापूर्वी पुंगळ्या फळीवर उभ्या करून प्रत्येकीत दिव्याच्या उजेडात डोकवायचे. आणि जाणकार शक्य तेथे पुंगळी निम्म्याहून अधिक भरणारी दारूच निवडतात. दुसरे माप पडलेच, तर ते बाहेर सांडावे म्हणून.