शोकाची वसुली

सहकलावंत निवर्तला की मागे उरलेल्याने जे निर्माण करावे ती श्रद्धांजलीच असली पाहिजे, असा एक अलिखित दंडक रसिकांनी घालून ठेवला आहे. त्याच्या कृतीत अश्रू आढळले नाहीत तर त्यास कृतघ्न ठरवावयाचे, आणि आढळले तर केवळ अश्रूंचेच मोल करावयाचे. हा दंडक आम्हांस अमान्य आहे. तो कलेवर अन्याय करतोच; शोकाचाही अवमान करतो.

उदाहरण अमेरिकेतील घेतो. ‘निर्वाणा’ या तीन जणांच्या रॉक बँडचा गायक व गीतकार कर्ट कोबेन याने एप्रिल १९९४ मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी जीवनयात्रा संपविली. त्याचा ड्रमवादक सहकारी डेव्ह ग्रोल काही महिने संगीतापासून दूर राहिला. मग ऑक्टोबरात सिॲटलजवळच्या एका स्टुडिओत त्याने सुमारे आठवड्याभरात एक अख्खा अल्बम ध्वनिमुद्रित केला. ड्रम, गिटार, बेस, गायन सारे त्याचे एकट्याचे. पाहुण्याचा हात लागला तो एका गाण्यातील गिटारीला. १९९५ च्या जुलैत तो प्रसिद्ध झाला, तोही स्वतःच्या नावाने नव्हे. दुसऱ्या महायुद्धातील वैमानिक आकाशात दिसणाऱ्या अनोळखी प्रकाशांना ‘फू फायटर्स’ म्हणत. तेच नाव त्याने घेतले. एकट्या माणसाने अनेकवचनाचा आडोसा घ्यावा, यातच त्याची मनःस्थिती पुरेशी उघड होती. आम्हांस तेवढे पुरते.

रसिकांना ते पुरले नाही. वेष्टनावर जुन्या विज्ञानकथेत शोभेल असे खेळण्यातले पिस्तूल होते. त्यात कोबेनच्या मृत्यूचा संदर्भ शोधला गेला. शब्दाशब्दांत दिवंगत मित्र धुंडाळला गेला. वस्तुतः यांतील कित्येक गाणी कोबेन हयात असतानाच रचलेली होती. १९९२ मध्येच ग्रोलने टोपणनावाने स्वतःच्या गाण्यांची एक कॅसेट काढली होती. मृत्यूपूर्वी लिहिलेल्या ओळींतही मृत्यू सापडावा, ही रसिकता नव्हे. हा पंचनामा झाला.

यावर आक्षेप येईल की, एका गाण्याचा रोख कोबेनच्या पत्नीकडे होता, हे ग्रोलने पुढे स्वतःच मान्य केले. खरे आहे. परंतु एका गाण्यातील राग म्हणजे साऱ्या अल्बमचा तेरावा नव्हे. शिवाय हा कलावंत शोक करण्यास असमर्थ होता, असेही नाही. मार्च २०२२ मध्ये त्याच्या नव्या बँडचा ड्रमवादक टेलर हॉकिन्स गेला; त्याच वर्षी त्याची आईही गेली. जून २०२३ मध्ये आलेला ‘बट हिअर वी आर’ हा अल्बम उघडउघड शोकाचा आहे, आणि त्यात ड्रमवर ग्रोल स्वतःच बसला आहे. म्हणजे रडावयाचे तेव्हा तो रडला. वेळ त्याने ठरविली, रसिकांनी नव्हे.

हा प्रश्न परक्यांचाच आहे, असे इंदूरकरांनी तरी समजू नये. होळकर दरबारातील नसिरुद्दीन खाँ डागर यांचे पुत्र मोइनुद्दीन व अमीनुद्दीन यांनी ध्रुपदाचे जोडगायन देशोदेशी पोहोचविले. १९६६ मध्ये मोइनुद्दीन निवर्तले. अमीनुद्दीन त्यानंतरही गात राहिले आणि २००० साली गेले. त्यांचे एकट्याचे आलाप ऐकताना आपण त्यांचा स्वर ऐकतो, की शेजारची रिकामी जागा मोजत बसतो? प्रामाणिक उत्तर देणे आम्हांसही जड जाते.

आपल्या शोकसभांतूनही हेच घडते. मागे राहिलेल्यास व्यासपीठावर बसवून आपण त्याच्या कंठाकडे डोळे लावतो. तो दाटला की सभा यशस्वी! दुःख ज्याचे, त्याच्या हवाली ते राहू द्यावे. गेलेल्याचे ऋण मागे उरलेल्याने फेडावयाचे असेल तर ते काम करून फेडावे. आपण तगादा लावणारे कोण?