वर्गणी घेता, मग वाट का अडवता?

कड्याला आमच्या वस्तीत जयंतीची वर्गणी मार्चमध्येच सुरू होते. पावतीपुस्तक माझ्याकडं. मी मुंबईच्या गोदीत कंत्राटावर हमाली करतो, पण मॅट्रिक झालोय, कविता करतो, अक्षर बरं आहे. म्हणून पोरं म्हणतात, पावत्या तूच फाड. रोज बुडवून मी दरसाल येतो. माझे सण दोनच. १४ एप्रिलला नाचायचं, ६ डिसेंबरला रडायचं.

गेल्या जयंतीला मावशीनं पाचशे एक दिले. मावशी तृतीयपंथी. नगर-आष्टी रस्त्यावरच्या बाजारांतून टाळी वाजवून मागते, त्यातले हे पैसे. ज्यांची माडी दोन मजली आणि पगार सरकारी, त्यांनी शंभराची नोट तीनदा उलटीसुलटी करून दिली होती. मी पावती फाडली. तिनं घडी करून ब्लाऊजमध्ये ठेवली. म्हणली, "बाबासाहेबाचं नाव हाय त्याच्यावर. माझं बी हाय."

१४ तारखेला ती निळी साडी नेसून मिरवणुकीत आली. आमच्यातलाच एक कार्यकर्ता, भाषणात दर दोन वाक्यांनी समता म्हणणारा, तिच्या पुढ्यात आला. "मावशी, तुम्ही मागं व्हा. गाव नावं ठेवतंय."

ती मागं झाली नाही. घरी गेली.

गाव नावं ठेवतंय! दोस्तांनो, वाक्य ओळखीचं वाटतं का? ह्याच वाक्यानं आपल्या बापजाद्यांना गावकुसाबाहेर ठेवलं. पाणवठा बाटतो, देव बाटतो. आता आपली मिरवणूकही बाटायला लागली. च्यायला, पैसा तेवढा सोवळा!

आणि मी काय केलं? पावतीपुस्तक काखेत धरून गप्प उभा राहिलो. भ्यालो. कारण मीही त्यातलाच. मला प्रेम होतं ते पुरुषावर, बाईवर नाही. घरचे पोरी बघत फिरतात आणि मी ओव्हरटाइमची कारणं सांगत फिरतो. हे छापून आल्यावर कड्यात कळेल. कळू द्या.

शहाणे विचारतील, चळवळीचा आणि ह्या भानगडीचा संबंध काय? संबंध १९३४ सालचा आहे. र. धों. कर्वे 'समाजस्वास्थ्य' मासिकात वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उघड उत्तरं देत. त्यात समलिंगी संबंधांचेही प्रश्न असत. अश्लीलतेचा खटला झाला. कर्व्यांच्या बाजूनं कोर्टात कोण उभं राहिलं? डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर! खटला हरले, कर्व्यांना दंड झाला. पण ज्या विषयाचं नाव घ्यायला भलेभले लाजत, त्यावर लिहिलं म्हणून माणूस गुन्हेगार होत नाही, हे बाबासाहेब कोर्टात सांगून आले. जयंतीच्या स्टेजवर ह्याबद्दल एक शब्द कधी ऐकलाय?

तारखा बघा. १५ एप्रिल २०१४. आपल्या अंगावरचा निळा गुलाल अजून उतरला नव्हता, तेव्हा सर्वोच्च न्यायालयानं नालसा खटल्यात तृतीयपंथीयांची ओळख मान्य केली. शिक्षणात-नोकरीत आरक्षण द्या, असं सरकारला बजावलं. आधार कुठला? संविधानाची कलमं १४, १५, १६, १९ आणि २१. मग ६ सप्टेंबर २०१८. ३७७ कलमानं माझ्यासारख्यांच्या कपाळी मारलेला गुन्ह्याचा शिक्का ह्याच संविधानाच्या जोरावर पुसला गेला. मावशीच्या पावतीवर ज्यांचं नाव होतं, त्यांच्याच घामाची ही कमाई.

मग मुंबईची प्राइडची मिरवणूक आहे की, तिकडं जा ना! गेलो होतो. रंगीत झेंडे, इंग्रजी घोषणा. खूप बरं वाटलं, खोटं का बोलू? मग एकानं आडनाव विचारलं आणि बोलणं आवरतं घेतलं. तिथं जात गिळायची, इथं देह गिळायचा. नुसतं गिळून गिळून माणूस किती दिवस जगेल?

तरी उमेद आहे. आपल्याच बीड जिल्ह्यातला पोलिस शिपाई ललित साळवे. बाईच्या नावानं भरती झाला, सरकारशी भांडला, २०१८ साली गोदीजवळच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात शस्त्रक्रिया करून घेतली आणि पुरुष म्हणून त्याच नोकरीवर परत उभा राहिला. दिशा पिंकी शेख ही तृतीयपंथी कवयित्री २०१९ साली वंचित बहुजन आघाडीची प्रवक्ता झाली. म्हणजे वाट आहे. अडवणारे आपण आहोत.

सण म्हणजे तरी काय? ऋण मानायचं, गेलेल्यांची आठवण धरायची, उद्याची उमेद बांधायची. ह्या तिन्हीत आम्हाला जागा द्या. १४ एप्रिलच्या स्टेजवरून १९३४ चा खटला सांगा. १५ एप्रिलचा कार्यक्रम मावशीच्या हातात द्या. आणि ६ डिसेंबरला एक मेणबत्ती त्यांच्यासाठी लावा, ज्यांनी घरच्यांच्या धाकानं औषध पिलं, ज्यांच्या तिरडीला सख्ख्या भावानं खांदा दिला नाही.

पुढच्या मार्चमध्ये पावतीपुस्तक माझ्याकडं आलं, तर पहिली पावती मावशीची फाडीन. १४ तारखेला ती पुढं चालेल, मी तिच्या बाजूला. ज्याला गावाची लाज वाटते, त्यानं मागं व्हावं.

जयभीम!