परराज्यातील गाडी : आधी दाखला, मग नवा नंबर



गावोगावच्या बैठकांत बी-बियाणे, खते, फवारणी हे विषय संपले की हल्ली एक वेगळाच प्रश्न हमखास येतो. कोणी विचारतो, “साहेब, निपाणीकडून जुना ट्रॅक्टर आणला. नंबर अजून कर्नाटकाचाच आहे. चालेल का?” कोणी म्हणतो, “मुलाची बदली बडोद्याहून मुंबईला झाली. गाडीवर गुजरातचा नंबर आहे. आता काय करायचे?” प्रश्न शेतीचा नसला तरी शेतकऱ्याच्या घरातला आहे, आणि त्यात हयगय झाली तर फटका मोठा बसतो. म्हणून आज त्याविषयी.

मुलाला एका शाळेतून काढून दुसऱ्या शाळेत घालताना आपण शाळा सोडल्याचा दाखला आधी घेतो. त्याशिवाय नवी शाळा नाव पटावर घेत नाही. गाडीचेही अगदी तसेच आहे. गाडी जिथे नोंदलेली आहे त्या आर. टी. ओ. कचेरीचा ना हरकत दाखला नसेल, तर नव्या राज्यातला नंबर मिळत नाही.

मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम ४७ सांगते की, एका राज्यात नोंदलेली गाडी दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त काळ ठेवली, तर मालकाने नव्या नंबरासाठी अर्ज केला पाहिजे. याचा अर्थ वर्षभर निवांत बसावे असा नव्हे. दाखला मिळण्यातच काही आठवडे जातात. गाडी राज्यात कधी आली याचा पुरावा, म्हणजे टोलची किंवा मालवाहतुकीची पावती, जपून ठेवावा. वाटेत कोणी हटकले तर तोच उपयोगी पडतो.

समजा, आपला मुलगा बडोद्याहून विलेपार्ल्याला राहावयास आला. त्याने पुढील क्रमाने जावे.

पहिले काम बडोद्याचे. तेथील कचेरीत नमुना २८ भरून ना हरकत दाखला मागावा. गाडीवर बँकेचे कर्ज असेल तर बँकेचे संमतीपत्र लागते. सातबाऱ्यावर बोजा असावा तसाच हा नोंदणी पुस्तकावरचा बोजा असतो. कर थकलेला नसावा, दंडाची चलने भरलेली असावीत. अर्जाची पोच मात्र घ्यावीच. अर्ज दिल्यापासून ३० दिवसांत कचेरीने मंजुरी किंवा नकार कळवला नाही, तर दाखला मंजूर झाला असे कायदा मानतो. पण पोच हाती नसेल तर हे सांगणार कशाच्या बळावर?

दुसरे काम मुंबईचे. पार्ले हे अंधेरीच्या कचेरीकडे येते. तिचा नंबर एमएच ०२. येथे नमुना २७ चा अर्ज, मूळ नोंदणी पुस्तक, ना हरकत दाखला, विमा, धुराच्या तपासणीचे प्रमाणपत्र आणि पार्ल्याच्या पत्त्याचा पुरावा द्यावा लागतो. गाडी तपासणीसाठी दाखवावी लागते. इंजिन व चासी नंबर कागदाशी जुळले पाहिजेत.

येथे एक सूचना. कोणत्या कचेरीकडे गाडी जाणार ते दाखल्यावर लिहिलेले असते. मुलगा पार्ल्यात, पण गाडी गावी कोल्हापूरला राहणार असेल, तर एमएच ०२ की कोल्हापूरचा एमएच ०९ हे घरात बसून आधी ठरवावे आणि मगच अर्ज लिहावा.

तिसरी गोष्ट कराची. महाराष्ट्राचा कर गाडीचे वय व प्रकार पाहून भरावा लागतो. जुन्या राज्यात एकरकमी कर भरला असेल, तर उरलेल्या वर्षांचा परतावा त्या राज्याकडे मागावा. तो आपोआप घरी येत नाही. नवे नोंदणी पुस्तक आणि कराची पावती जोडून अर्ज करावा. विमा कंपनीलाही नवा नंबर कळवावा.

आता परराज्यातून जुनी गाडी किंवा ट्रॅक्टर विकत घेणाऱ्यांसाठी. येथे १२ महिन्यांची सवलत धरून चालू नये. मालकी बदलली की घेणाऱ्याने ३० दिवसांत नोंद करावयाची असते. स्टॅम्प पेपरवर लिहून दिले, साक्षीदारांच्या सह्या झाल्या, एवढ्याने गाडी आपल्या नावावर होत नाही. खरेदीखत झाले तरी फेरफार राहिला, तशी ती अवस्था. बाजारात बैलाचे दात पाहून पैसे मोजणाऱ्याने ट्रॅक्टर घेताना दाखला हाती येण्याआधी पूर्ण रक्कम मोजू नये. ट्रॉलीची नोंद वेगळी असते, तिचेही कागद पाहावेत.

विकणाऱ्यानेही गाफील राहू नये. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली एका अपघाताच्या खटल्यात स्पष्ट केले की, गाडी हातोहात कितीही जणांकडे गेली, तरी नोंदणी पुस्तकावर ज्याचे नाव आहे तोच कायद्याने मालक, आणि भरपाईची जबाबदारी त्याच्यावर येते. म्हणजे पाच वर्षांपूर्वी विकलेल्या गाडीने आज कोणाला धडक दिली, तर नोटीस आपल्या दारात येऊ शकते. विमा संपलेला असेल तर अशा नोटिशीपायी जमीन विकण्याचीही वेळ येईल.

ज्यांचा मुलगा फौजेत किंवा सरकारी नोकरीत आहे, त्यांनी एक माहिती ध्यानात ठेवावी. सप्टेंबर २०२१ पासून अशा नोकरदारांना खाजगी गाडीसाठी ‘बीएच’ मालिकेचा नंबर घेता येतो. चार किंवा अधिक राज्यांत कचेऱ्या असलेल्या कंपन्यांतील नोकरांनाही तो मिळतो. बदली झाली तरी नंबर बदलावा लागत नाही.

अर्ज आता परिवहन खात्याच्या संकेतस्थळावरून भरता येतात; गावच्या संगणक केंद्रातूनही हे काम होते. एजंटाकडे मूळ नोंदणी पुस्तक सोपवण्यापूर्वी त्याच्या दोन प्रती काढून ठेवाव्यात.

या आठवड्यात एवढे करा. घरातील प्रत्येक वाहनाचे नोंदणी पुस्तक काढा आणि त्यावर कोणाचे नाव व कुठला पत्ता आहे ते वाचा. आपण विकलेल्या गाडीवर अजून आपलेच नाव असेल, तर ते काम खरिपाच्या धांदलीआधी उरकून घ्या.