वॉटची किटली आणि अँडरसन यांचा वर्ग

किटलीच्या झाकणाची गोष्ट आपण सगळ्यांनीच शाळेत ऐकली आहे. पाणी उकळत होते, झाकण उडत होते, छोटा जेम्स वॉट बघत बसला आणि वाफेचे इंजिन जन्माला आले! मुलांना ही गोष्ट आवडते, म्हणून आम्ही शिक्षक ती सांगत राहतो. मला मात्र ती अलीकडे खटकते. शोध एखाद्या हुशार पोराला घरबसल्या सुचतो, त्यात शाळेचे, मास्तरांचे, कारागिरीचे काही काम नसते, असे मुलांना वाटू लागते.

वॉट स्कॉटलंडचा. (आपण त्याला सरसकट इंग्रज म्हणतो. स्कॉटिश माणसासमोर म्हणून बघा!) इंजिन त्याने शोधले नाही. न्यूकोमेनची इंजिने खाणींतले पाणी उपसायला आधीपासूनच होती. वॉट ग्लासगो विद्यापीठाच्या आवारात उपकरणे दुरुस्त करायचा. १७६३ मध्ये त्याच्याकडे अशाच इंजिनाचे बिघडलेले मॉडेल आले. एकच सिलिंडर दर फेरीला तापवायचा आणि पुन्हा थंड करायचा, यात बरीचशी वाफ फुकट जाते, हे त्याच्या लक्षात आले. १७६५ मध्ये वाफ थंड करायला वेगळे भांडे लावायची युक्ती त्याला सुचली. सुप्त उष्णतेचा शोध लावणारे जोसेफ ब्लॅक त्याच विद्यापीठात शिकवत होते, अडले की विचारता येत होते.

आणि ते मॉडेल कोणाचे? जॉन अँडरसन या प्राध्यापकांच्या भौतिकशास्त्राच्या वर्गाचे. मला या गोष्टीत वॉटपेक्षा हे गृहस्थ जास्त जवळचे वाटतात. नेहमीचे विद्यार्थी झगा घालून बसत. अँडरसन यांनी कारागिरांसाठी वेगळा वर्ग चालवला, कामाच्या कपड्यांतच या म्हणाले. १७९६ मध्ये ते वारले. त्यांच्या मृत्युपत्रानुसार शहरात नवी संस्था उभी राहिली, तिथे स्त्रियांनाही व्याख्याने ऐकता येत. पुढे याच संस्थेतल्या संध्याकाळच्या वर्गात सुतारकाम शिकणारा जेम्स यंग येऊन बसू लागला. दगडी कोळशापासून दिव्याचे तेल काढून त्याने मोठा उद्योग उभारला.

त्याहून भारी गोष्ट जेम्स क्रॉलची. तेराव्या वर्षी शाळा सुटली. सुतारकाम केले, चहाचे दुकान टाकले, विमा विकला. १८५९ मध्ये तो याच संस्थेत शिपाई म्हणून लागला. पगार तुटपुंजा, पण ग्रंथालय हाताशी. तिथे वाचून त्याने मांडले, की पृथ्वीच्या भ्रमणकक्षेतल्या सावकाश बदलांचा हिमयुगांशी संबंध आहे. १८७६ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला फेलो केले. शिपायाला! आपल्याकडे शिपायाने ग्रंथालयातले पुस्तक मागितले असते तर?

याच्या मुळाशी १६९६ चा कायदा होता. प्रत्येक पॅरिशमध्ये शाळा हवी, मास्तरांचा पगार जमीनदारांनी द्यायचा. सगळीकडे तो नीट पाळला गेला असे नाही, आणि गेलिक बोलणाऱ्या डोंगराळ भागातल्या मुलांची भाषा तर शाळेतून हद्दपारच करण्यात आली. दोन भाषा शिकवणारी बाई म्हणून मला ते माफ करता येत नाही.

शून्य आमचे, अल्जिब्रा आमचा, इब्न अल-हैसम आमचा, अशा याद्या आपल्याकडेही रोज मोबाईलवर फिरतात. स्कॉटिश लोकांच्याही आहेत: पेनिसिलिन आमचे, टेलिफोन आमचा. अभिमान असू द्या. पण यादी पुढे पाठवणाऱ्याला मी एवढेच विचारते, तुमच्या मोहल्ल्यातल्या शाळेची प्रयोगशाळा शेवटची कधी उघडली होती? बऱ्याच ठिकाणी ती तपासणीच्या दिवशीच उघडते. यंत्रमागावर किंवा गॅरेजमध्ये काम करणाऱ्या मुलांसाठी ती आठवड्यातून दोन संध्याकाळी उघडी ठेवावी, हे मी आमच्या शिक्षकांच्या बैठकीत मांडणार आहे. किल्ली कोणाकडे राहील, हा पहिला प्रश्न येईल. माझ्याकडे द्या, असे सांगेन.